कृतज्ञतेची वही लिहिता का? नेमकं काय लिहिता?

शेंगाचटणी (सोलापूर):
नमस्कार मंडळी. गुढीपाडव्यापासून रोज रात्री वहीत दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहिते. सुरुवातीला फार बरं वाटलं. हल्ली मात्र पेन हातात घेतलं की तेच ते उतरतं: घर आहे, मुलं सुखरूप आहेत, तब्येत धड आहे. सगळं खरंच आहे, पण लिहिताना आत काही हलत नाही.

सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचं सगळं आवरून वही उघडायला साडेदहा होतात. दिवसभरात माझी म्हणून तेवढीच दहा मिनिटं, त्यामुळे सवय मोडायची नाहीये. तुम्ही काय लिहिता? आणि रोजच लिहायला हवं का?

वऱ्हाडी_आजोबा (यवतमाळ):
ताई, आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैल धुऊन आणायचे आणि त्यांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे. जू बसून बसून तिथली कातडी जाड झालेली असते, केस झडलेले असतात. माझे बाबा नेमके त्याच जागेवर बोटं फिरवत राहायचे. बैल मान खाली घालून उभा. मग त्याच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." झूल, बाशिंगं, रंगवलेली शिंगं हा सगळा थाट दुसऱ्या दिवशीचा. आधी मान खांद्याचा, कारण वर्षभर ओझं त्यानं वाहिलं.

वहीतही तो खांदा शोधा. 'मुलं सुखरूप' म्हणजे अख्खा बैल झाला. 'दुपारी लाइट गेली, धाकट्यानं न सांगता आजीला पुठ्ठ्यानं वारा घातला' असं लिहून पाहा. कोणी, कधी, काय केलं एवढंच.

मी वही ठेवत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो, त्याच चौकटीत चार शब्द. 'तुरीच्या शेंगा उकडल्या.' 'एसटीत पोरानं खिडकी दिली.' 'हिचा गुडघा आज कमी दुखला.' चौकट एवढीशी, त्यात मोठे शब्द मावतच नाहीत.

खडू_फळा (पुणे):
मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर घालते. एमन्स आणि मॅकलॉ यांचा 2003 मधला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटानं ज्यांबद्दल आभार मानावेत अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्यानं कटकटी, तिसऱ्यानं नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं. पण ते लिहीत होते आठवड्यातून एकदा! ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगातही आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तेव्हा एखादी रात्र चुकली म्हणून जिवाला लावून घेऊ नका.

तुम्ही लिहिता त्या तीन गोष्टींचा प्रयोग सेलिग्मन आणि सहकाऱ्यांचा, 2005 चा. तो रोज रात्री, पण आठवडाभरच होता. प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हेही लिहायचं होतं. हा 'का' बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. धाकट्यानं वारा का घातला? बहुधा तुम्हाला तसं करताना पाहिलं म्हणून.

दोन_चहा (डोंबिवली):
शेंगाचटणी, मीही आईचं सगळं करते. एक कळकळीनं सांगते, आभाराखाली थकवा दडपू नका. पान उलटलं की मागच्या बाजूला मी त्या दिवशी काय झेपलं नाही ते लिहिते. त्यातूनच लक्षात आलं की मला रात्री सलग झोप हवी आहे, आणि भावाला तसं स्पष्ट सांगता आलं. आता शनिवारी रात्री आईजवळ तो झोपतो. कोणी हातभार लावणारं असेल तर मागा, ताई. वही मदतीच्या जागी पुरत नाही.

शेंगाचटणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल एकच ओळ लिहिली: 'केस विंचरताना सासूबाईंनी मान आपणहून माझ्या बाजूला वळवली.' पुढे 'का' लिहायला गेले आणि पान भरलं. त्यांना खोबरेल तेल कोमट करून लावलेलं आवडतं, हे मला माझ्या बाळंतपणात त्यांनीच माझ्या डोक्याला लावलं तेव्हापासून माहीत आहे. इतक्या वर्षांत ते कधी मनात आलं नव्हतं.

आता गुरुवारी आणि रविवारीच लिहीन. पानाची मागची बाजूही सुरू केली, आणि सकाळी दिरांना फोन केला. रविवारी दुपारी ते आईजवळ बसायला येतायत.

आजोबा, तुरीच्या शेंगा उकडताना मीठ आधी घालता की पाणी काढल्यावर?