केअर सेंटरमधला फायर अलार्म: रात्री हूटर बंद ठेवला तर चालतो का?

नेरुळची_ताई

नमस्कार मंडळी. नेरुळला एका रो-हाउसमध्ये (तळमजला आणि वर एक) आम्ही नणंद-भावजय ज्येष्ठांचं केअर सेंटर चालवतो. सोळा खाटा. नऊ जण अंथरुणाला खिळलेले, चौघांना डिमेन्शिया, उरलेले वॉकर धरून फिरणारे. रात्री एक सिस्टर आणि दोन मावशी.

अलार्म बसवलाय आणि तो चालतो. खरं तर जरा जास्तच चालतो. स्वयंपाकघरात फोडणी पडली की वाजतो, वरच्या बाथरूममधून गिझरची वाफ बाहेर आली की वाजतो, आणि एक आजोबा तिन्हीसांजेला धूप घातल्याशिवाय जेवत नाहीत, तेव्हाही वाजतो. हूटर सुरू झाला की एक आजी "भोंगा झाला, गिरणी सुटली" म्हणत चपला शोधायला उठतात. दुसऱ्या एकींनी घाबरून नाकातली नळी ओढून काढली. त्यामुळे मावशींनी आपला मार्ग शोधला: रात्री पॅनेल (भिंतीवरची अलार्मची मुख्य पेटी) सायलेंट. आणि परवा वर बघते तर स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या डिटेक्टरवर रबरी हातमोजा चढवलेला!

कंत्राटदार म्हणतो, सगळं काढून अ‍ॅड्रेसेबल सिस्टीम टाका, म्हणजे नेमका कुठला डिटेक्टर वाजला ते सांगणारी. कोटेशन बघून नणंदेने आधी पाणी मागितलं. तर मला एवढंच कळायला हवंय: कायद्याने नेमकं काय लागतं, रात्री हूटर बंद ठेवता येतो का, आणि अ‍ॅड्रेसेबल खरंच हवं का?

पॅनेलवाला_ठाणे

ताई, आधी तो हातमोजा काढा, मग पुढचं वाचा.

मी ठाण्यात याच धंद्यात आहे. हॉस्पिटलं, शाळा, घोडबंदर रोडचे टॉवर, सगळीकडची पॅनेलं उघडून बघितली आहेत. मावशींवर रागावू नका. जो अलार्म खोटा वाजतो तो माणसं बंद करतातच, मग ते केअर सेंटर असो की बँक. दोष डिटेक्टर चुकीच्या जागी लावणाऱ्याचा.

स्वयंपाकघरात आणि त्याच्या दाराशी स्मोक डिटेक्टर नकोच. तिथे हीट डिटेक्टर लावतात, तो धुराकडे बघत नाही, तापमान बघतो. बाथरूमसमोरचा डिटेक्टर दारापासून लांब सरकवून घ्या, तो वाफेला धूरच समजतो. एसीच्या झोताखाली किंवा पंख्याला खेटून असेल तर तोही हलवा, कारण तिथे खरा धूर पोहोचायच्या आत विरून जातो. धूपाचं म्हणाल तर आजोबांना गॅलरीत जागा करून द्या, त्यांचा नेम मोडायचं कारण नाही. शिवाय एएमसीवाल्याला (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेल्याला) विचारा की डिटेक्टर शेवटचे साफ कधी केले. आपल्याकडे आजूबाजूला बांधकाम चालूच असतं, आत धूळ बसते, आणि पावसाळ्यात दमट हवेची भर पडली की उगाच वाजायला लागतात. एवढं केलंत तर बहुतेक खोटे अलार्म थांबतील.

आता कायदा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. म्हणजे जागा भाड्याची असली तरी तुम्ही सुटत नाही. काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्यायचं. बसवल्यावर एजन्सीचा फॉर्म ए, म्हणजे यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचा दाखला, आणि पुढे दर वर्षी जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, की यंत्रणा चालू स्थितीत आहे. डिटेक्टरवर हातमोजा असताना कोणी त्या फॉर्मवर सही केली असेल तर ती एजन्सी आधी बदला. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये वृद्ध आणि अशक्त लोकांची निवासस्थानं घरांमध्ये धरलेली नाहीत, ती संस्थात्मक इमारतींमध्ये येतात, गट सी-२. अलार्म कसा निवडायचा, बसवायचा, सांभाळायचा, ते आयएस २१८९ या भारतीय मानकात आहे. तुमच्या उंचीला आणि क्षेत्रफळाला नेमकं काय लागू, ते महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडून लेखी घ्या. रो-हाउसची नोंद निवासी असेल तर तोही प्रश्न तिथेच निघेल. टाळू नका, आज ना उद्या निघणारच आहे.

अ‍ॅड्रेसेबलबद्दल माझं मत, आणि धंद्यातले लोक मला शिव्या घालतील. सोळा खाटांना गरज नाही. अ‍ॅड्रेसेबलमध्ये पॅनेलवर थेट "पहिला मजला, खोली ३" असं येतं, साध्या पॅनेलवर फक्त झोन, म्हणजे इमारतीचा कुठला भाग, तेवढंच कळतं. पण मजल्याला दोन झोन करा आणि प्रत्येक खोलीच्या दारावर बाहेरून रिस्पॉन्स इंडिकेटर लावा. आतल्या डिटेक्टरने धूर पकडला की दारावरचा लाल दिवा लागतो. पॅसेजमध्ये उभं राहिलं की कुठली खोली ते दिसतं. खर्च कितीतरी कमी. पुढे खाटा वाढवणार असाल तर मात्र आत्ताच अ‍ॅड्रेसेबल घ्या, दोनदा छत फोडण्यात अर्थ नाही.

हूटर बंद ठेवता येणार नाही. पण तो आजींच्या उशाशीच वाजला पाहिजे असंही नाही. झोपलेल्याला उठवायचं असेल तर आयएस २१८९ उशापाशी ७५ डेसिबल मागतं. आता सांगा, कानातलं मशीन काढून ठेवलेल्या आजोबांना तो ऐकू येणार आहे का? आणि ज्यांना ऐकू येईल त्या उठून जाणार कुठे? तुमच्याकडे उठवायचंय ते सिस्टरला आणि मावशींना. त्यांच्या टेबलाशी, स्वयंपाकघरात, मावशी पाठ टेकतात तिथे पूर्ण आवाजाचा हूटर आणि फ्लॅशर (लुकलुकणारा दिवा) ठेवा. खोल्यांच्या पॅसेजमध्ये कर्कश हूटरऐवजी खालच्या पट्टीतला चाइम किंवा रेकॉर्ड केलेला मराठी निरोप चालेल का, हे अग्निशमन अधिकाऱ्याला विचारून घ्या. स्वतःच्या अकलेने वायर तोडू नका.

ऐरोलीकर

हूटरवरून आठवलं. माझी बहीण न्यू जर्सीत नर्सिंग होममध्ये नर्स आहे. तिकडे फक्त कर्मचाऱ्यांना सावध करणाऱ्या अलार्मची सोय कोडमध्येच आहे, त्याला प्रायव्हेट मोड म्हणतात. ड्रिल प्रत्येक पाळीला तीन महिन्यांतून एकदा व्हावीच लागते, रात्रपाळीलाही. फक्त रात्री ९ ते सकाळी ६ मध्ये ड्रिल असेल तर भोंग्याऐवजी सांकेतिक घोषणा चालते, म्हणजे म्हातारी माणसं झोपेतून दचकत नाहीत. २००३ मध्ये हार्टफर्ड आणि नॅशव्हिलच्या नर्सिंग होममध्ये मोठ्या आगी लागल्या, त्यानंतर नियम आणखी कडक होत गेले आणि ऑगस्ट २०१३ पर्यंत सगळ्या नर्सिंग होमना पूर्ण स्प्रिंकलर बसवावे लागले. आपल्याकडे ड्रिल म्हणजे वर्षातून एकदा सगळ्यांनी खाली जमून फोटो काढायचा.

रात्रपाळीची_सिस्टर

पॅनेलवाले दादा सगळं यंत्राचं बोलले. अलार्म वाजल्यावर काय, ते मी सांगते. वाशीत आयसीयूला होते, आता ठाण्यात एका केअर सेंटरला रात्रपाळी करते.

तीन बायका नऊ झोपलेल्या माणसांना जिन्यावरून खाली नेऊ शकत नाहीत. शक्यच नाही, डोक्यातून काढून टाका. आधी ज्या खोलीत आग आहे तिथल्यांना बाहेर काढायचं. पाठीखालच्या चादरीला डोक्याच्या बाजूने धरून जमिनीवरून ओढत न्यायचं, उचलायचं नाही. मग त्या खोलीचं दार बंद. हे दार बंद करणं सगळ्यात मोठं काम आहे, कारण माणूस आगीच्या आधी धुराने जातो. २०११ ला कोलकात्याच्या आमरी हॉस्पिटलमध्ये आग तळघरात होती आणि वरच्या मजल्यांवरचे पेशंट धुराने गुदमरले, नव्वदच्या आसपास माणसं गेली. दार बंद झालं की त्याच मजल्यावर दुसऱ्या टोकाला सरकायचं. जिन्याचं त्यानंतर बघू. म्हणून ताई, उद्याच बघा की किती खोल्यांच्या दारांना स्टूल किंवा चप्पल अडकवून ठेवलीय. आमच्याकडे डायपरचं पाकीट असायचं.

ऑक्सिजन चालू असेल तर पेशंट बाहेर काढतानाच कॉन्सन्ट्रेटर बंद करायचा. सिलिंडर असेल तर व्हॉल्व्ह फिरवायचा. मावशींना तो कुठल्या दिशेने फिरतो ते हाताने करायला लावा, तोंडी सांगून उपयोग नाही.

आणि १०१ ला फोन कोण करणार ते पाळी सुरू होतानाच ठरवा. नाहीतर तिघी एकमेकींना विचारतात, "केलास का गं?"

खिडक्यांना बॉक्स ग्रिल आहे का? आणि मुख्य दाराला रात्री कुलूप लावता का?

नेरुळची_ताई

दोन्हीला उत्तर हो. ग्रिल सगळीकडे आहे, चोरांच्या भीतीने आधीच्या मालकांनी लावलेलं. आणि कुलूप लावावंच लागतं हो. डिमेन्शियाचे एक काका पहाटे उठून "कल्याण लोकल चुकेल" म्हणून गेट गाठतात, एकदा पाम बीच रोडपर्यंत पोचले होते. किल्ली सिस्टरच्या खिशात असते. पण सिस्टर वर असेल तर...? हा विचार आम्ही केलाच नव्हता.

आज पॅनेल उघडून घेतलं, आत दोन बॅटऱ्या आहेत, त्यावर तारीखच नाही. इन्व्हर्टर आहे आमच्याकडे, मग बॅटऱ्या लागतात का?

पॅनेलवाला_ठाणे

लागतात. आगीत पहिल्यांदा वायरिंग जातं, इन्व्हर्टरची लाइनही त्याच भिंतीतून येते. पॅनेलच्या पोटातल्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या हा त्याचा स्वतःचा आधार. तारीख नसेल तर जुन्या समजा आणि बदला. नव्या घातल्या की मार्करने तारीख लिहा. एएमसीवाले पुष्कळदा हिरवा दिवा बघून सही करून जातात. तुम्ही समोर उभं राहून मेन्स बंद करायला लावा, चोवीस तास बॅटरीवर ठेवायला सांगा आणि मग हूटर वाजवून घ्या.

कुलपाऐवजी मॅग्नेटिक लॉक लावा. वीज असेपर्यंत दार धरून ठेवतो, वीज गेली की सोडतो. त्याची वीज पॅनेलच्या रिलेमधून (पॅनेलच्या हुकमाने चालणारा स्विच) घ्यायची, म्हणजे अलार्म झाला की दार आपोआप मोकळं होतं. एरवी वीज गेली तर काका निसटू नयेत म्हणून लॉकला छोटी बॅटरी द्या, पण ती बॅटरीसुद्धा रिलेच्या मागेच असली पाहिजे. इलेक्ट्रिशियन इथे हमखास घोळ घालतात आणि बॅटरी थेट लॉकला जोडतात. मग अलार्म वाजतो आणि दार बंदच. दाराजवळ हिरवी काचेची आपत्कालीन पेटी, काच दाबली की लॉकची वीज तोडणारी, आणि गेटवर साधी घंटी, दार उघडलं की वाजणारी. त्याच पॅनेलच्या दुसऱ्या रिलेवर एसी बंद होण्याची सोय होते, तीही करून घ्या.

ग्रिलला प्रत्येक मजल्यावर निदान एक उघडणारा दरवाजा करून घ्या, रस्त्याच्या बाजूला, जिथे अग्निशमनची शिडी लागेल. त्याचं कुलूप आतून, किल्ली काचेच्या डबीत शेजारीच भिंतीवर.

रात्रपाळीची_सिस्टर

आणि ताई, हूटरची चाचणी सकाळच्या नाश्त्यानंतर घ्या. सगळे जागे असतात, नातेवाइकांचे फोनही कमी असतात. नळी ओढणाऱ्या आजींजवळ तेवढा वेळ एक मावशी बसवा.