विषय: सेकंडहँड स्पोर्ट्स कार, आखूडशिंगी बहुदुधी मिळेल का?

नमस्कार मंडळी,

लिस्टवर गाड्यांचं विचारलेलं चालतं का माहीत नाही, चालत नसेल तर आधीच सॉरी. बरीच वर्षं डोक्यात किडा आहे की एकदा तरी दोन सीटची, मागच्या चाकांना ताकद जाणारी, हाताने गिअर टाकायची गाडी घ्यायची. नवी परवडणार नाही हे उघड आहे. म्हणून सेकंडहँड बघायला लागलो तर गंमत अशी की पहिल्या पिढीची पोर्शा बॉक्स्टर, माझदा आरएक्स-८, टोयोटा एमआर२ आणि माझदा एमएक्स-५ ह्या सगळ्या फिरूनफिरून माझ्याच बजेटच्या आसपास येतायत, मग मन म्हणतं एवढ्यात पोर्शा मिळत असेल तर बाकीच्या कशाला बघतोस. रोज कामावर जायला दुसरी गाडी आहे, ही फक्त शनिवार-रविवारची. मला स्वतःला ऑइल आणि फिल्टर बदलता येतं, त्यापुढे माझी गाडी अडते. कोणी ह्यातून गेलंय का?

– खुर्च्यांवाला (नावापेक्षा ह्यानेच ओळखता सगळे)

---

दोन सीट? मग कार्यक्रमाच्या दिवशी हॉलवर खुर्च्या कशात आणणार?

– काका

---

काकांचं चालू दे, मी सांगते.

मी गेली ११ वर्षं दुसऱ्या पिढीची एमएक्स-५ चालवतेय, तिच्याआधी वर्षभर बॉक्स्टर होती, त्यामुळे दोन्हीकडचं खाल्लंय. बॉक्स्टर वाईट गाडी अजिबात नाही, उलट इंजिन मधोमध असल्यामुळे ती वळणावर जी बसते ना, ते सुख वेगळंच. पण एक लक्षात घे, गाडीची किंमत उतरली म्हणजे तिच्या पार्ट्सची उतरत नाही. क्लच, ब्रेक डिस्क, रेडिएटर ह्यांना कोणी कळवलेलं नसतं की बाई आता म्हातारी झालीय, ते आपले शोरूममधल्या नव्या गाडीच्याच तोऱ्यात. शिवाय पुढचे टायर वेगळ्या मापाचे, मागचे वेगळ्या, म्हणजे पुढचे-मागचे अदलाबदल करून आयुष्य वाढवायची सोय नाही.

आणि त्या काळातल्या इंजिनाची प्रसिद्ध भानगड म्हणजे आयएमएस बेअरिंग. इंजिनाच्या आत एक मधला शाफ्ट असतो त्याचं हे बेअरिंग, ते गेलं की बहुतेक वेळा अख्खं इंजिन घेऊन जातं. प्रत्येक गाडीत जातंच असं नाही, बऱ्याच गाड्या सुखाने फिरतायत, पण बदललंय की नाही ह्याची पावती नसेल तर तू रोज त्याच विचारात गाडी चालवणार. ते बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणून शहाणे लोक क्लच करतानाच ते उरकून घेतात. पावत्यांमध्ये क्लचचं काम दिसलं आणि बेअरिंगचा उल्लेखच नसला तर मालकाला तेवढा एक प्रश्न विचार, त्याच्या उत्तरावरून गाडीपेक्षा मालक जास्त कळेल.

एमएक्स-५ चं उलट आहे. १९८९ मध्ये आली तेव्हापासून इतक्या खपल्या (२०१६ मध्ये १० लाखावी गाडी बनली) की पार्ट मिळत नाही असं होतच नाही. पहिल्या पिढीची जेमतेम टनभर वजनाची, चारही टायर एकाच मापाचे आणि छोटे, ब्रेक झिजता झिजत नाहीत. ताकद कमी आहे, हे खोटं कशाला बोलू, हायवेला साधी फॅमिली गाडीही आपल्याला सहज मागे टाकून जाते. पण कमी वेगातही मजा येते हाच तर तिचा मुद्दा आहे, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण पिळता येतं आणि तरी लायसन्स शाबूत राहतं.

– ताई

---

मी आरएक्स-८ वाला. ताईंनी लिहिलंय त्याच्याखाली सही करतो आणि माझी रडकथा थोडक्यात सांगतो.

गाडी दिसायला देखणी, चार जण बसतात, रोटरी इंजिन १.३ लिटरचं आणि मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत शिवणयंत्रासारखं फिरतं. पण पिस्टन नाहीत म्हणजे आपल्याला माहीत असलेले नियमही नाहीत. हे इंजिन ऑइल जाळतं, बिघाड म्हणून नाही, डिझाइनच तसं आहे, आतल्या सीलना वंगण मिळावं म्हणून थोडं थोडं ऑइल पंपाने आत सोडलं जातं. म्हणजे पेट्रोल भरताना दर एक-दोन खेपेला डिपस्टिक बघायची. माझ्या आधीच्या मालकाने ती बहुतेक कधी बाहेरच काढली नसावी.

माझं पहिलं पाप असं की थंड गाडी सुरू करून गॅरेजमधून दोन मीटर पुढे घेतली आणि लगेच बंद केली, मागून सायकल काढायची होती. संपलं. आत पेट्रोल साचलं, प्लग ओले, परत सुरूच होईना. रोटरीत थंडपणी सुरू केलं की गरम होईपर्यंत बंद करायचं नाही, हे मला टो ट्रकवाल्याने शिकवलं. पुढे दोन वर्षांनी कॉम्प्रेशन (इंजिनाच्या आतला दाब) गेलं, गरम असताना सुरू व्हायला त्रास द्यायला लागली, हे त्याचं ठरलेलं लक्षण. घेण्याआधी कॉम्प्रेशन तपासलं होतं बरं का, पण साध्या गेजने. पिस्टनऐवजी आत जो तिकोनी रोटर फिरतो त्याला तीन बाजू असतात, प्रत्येक बाजूचं वेगळं मोजणारं खास यंत्र लागतं, साधं गेज नुसता सगळ्यात मोठा आकडा दाखवून मोकळं होतं. मला मेलेली एक बाजू कोणी दाखवलीच नाही.

प्रेम अजून आहे. पण ऑइल बदलता येण्यापुढे हात चालत नसेल तर नको.

– दादा

---

ताई, दादा, थँक्यू. पोर्शाचं भूत निम्मं उतरलं. एमआर२ आणि टोयोटा जीटी८६ बद्दल काय? आणि एमएक्स-५ बघायला गेलो तर नेमकं काय बघू? एक ह्या रविवारी बघायचीय, २००१ ची.

– खुर्च्यांवाला

---

एमआर२ म्हणजे १९९९ ते २००७ ची उघडी असणार. छान आहे, पण डिकी म्हणून काही नाहीच, सीटमागे एक कप्पा आहे तेवढाच. आणि सुरुवातीच्या गाड्यांत एक्झॉस्टच्या तोंडाशी धूर साफ करणारे जे छोटे कॅटलिस्ट आहेत त्यांचा भुगा होऊन तो इंजिनात ओढला जातो, मग इंजिन ऑइल प्यायला लागतं. कोणी ते काढून टाकलेत का विचार. जीटी८६ २०१२ पासूनची म्हणजे ह्या सगळ्यांत तरुण आणि रोज वापरायला सगळ्यात शहाणी, फक्त २०१२-१३ च्या काही गाड्यांना व्हॉल्व्ह स्प्रिंगचं रिकॉल होतं (कंपनीने दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या), ते झालंय का हे चॅसिस नंबरवरून तपासता येतं. इंजिनाजवळून रातकिड्यासारखा किर्रकिर्र आवाज आला तर घाबरू नको, तो तिच्या फ्युएल पंपाचा, बऱ्याच जणींचा येतो.

आता २००१ ची एमएक्स-५. लोक जातात आणि इंजिन ऐकत बसतात. इंजिन सोड रे, ती इंजिनं मरत नाहीत. टायमिंग बेल्ट लाखभर किलोमीटरला बदललाय का ह्याची पावती बघ, बास. ह्या गाडीला मारतं ते पाणी. कापडी टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत जमा होतं आणि तिथून एकेका नळीने मागच्या चाकाच्या पुढे, खाली जमिनीवर पडतं. त्या नळ्यांत पालापाचोळा अडकला की पाणी जाणार कुठे, ते दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत उतरतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पापड. म्हणून जाताना पाण्याची बाटली घेऊन जा. मालकाला विचारून दोन्ही कोपऱ्यांत थोडं थोडं ओत आणि खाली वाकून बघ. मागच्या चाकाच्या पुढे टपटप पडलं तर छान. नाही पडलं तर कुठेतरी आत गेलं.

दुसरं, दरवाजाखालची पट्टी मागच्या चाकाजवळ बोटाने दाबून बघ, वाजवून बघ. पत्रा टणटण वाजतो, पुट्टी भरलेली असेल तर थप्प असा मेला आवाज येतो. छोटं चुंबक रुमालात गुंडाळून नेलंस तर अजून चांगलं. गाडी वर उचलून पुढच्या बाजूच्या चेसिसच्या दांड्या बघायला मिळाल्या तर बघच, दुसऱ्या पिढीत त्या सडतात, रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या भागातली असेल तर नक्कीच.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१५ म्हणजे २०१५ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आणि टायर दहा वर्षांचे असं ह्या गाड्यांत खूप दिसतं कारण त्या उभ्याच असतात. आणि उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा वाईट, हे माझ्याकडून लिहून घे. कमी किलोमीटर बघून भुलू नको.

शेवटचं, मालकाला आधीच सांग की इंजिन थंड ठेवा, गरम इंजिनात सुरू होतानाच्या खोडी लपतात.

– ताई

---

रिपोर्ट देतो. रविवारची गाडी: फोनवर दोनदा सांगितलं होतं थंड ठेवा म्हणून, तरी पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवला तर तव्यासारखं. मालक म्हणे आत्ताच धुवायला नेली होती. धुतलेली होती खरी, त्यामुळे सगळीकडे पाणीच पाणी, माझी बाटली काय कामाची. मग मी सीट पुढे सरकवून मागच्या गालिच्याखाली हात घातला. बोटं ओली झाली, आणि धुतल्याचं ओलं नव्हतं ते, कुबट वास येत होता, सीटचे बोल्ट तांबूस झालेले. पट्टीवर टकटक केलं तर डाव्या बाजूला टणटण आणि उजव्या बाजूला थप्प. ताई, अगदी तुम्ही लिहिलेलं तस्संच, मला हसूच आलं, तो माणूस माझ्याकडे बघत राहिला.

ऑनलाइन वाचून गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनरही नेला होता, लावला. एरर एकही नाही, मी खूश. मग लक्षात आलं की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दाखवतोय, म्हणजे कोणीतरी नुकतेच एरर पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. नमस्कार करून निघालो.

– खुर्च्यांवाला

---

एरर पुसलेला ओळखलास म्हणजे तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. मी "लाइट नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही" ह्यावर गाडी घेतली होती.

– दादा

---

तीन आठवड्यांनी परत आलोय. मधल्या काळात चार बघितल्या. एक तर इतकी मॉडिफाय केलेली होती की इन्शुरन्सवाल्याला काय काय सांगायचं ह्याचीच यादी करावी लागली असती, सोडली.

चौथी मात्र अशी. २००३ ची, १ लाख ६० हजार किलोमीटर, म्हणजे जाहिरातीत मी ती दोनदा पुढे ढकलली होती, आकडा बघून. रंग उन्हाने उडालेला, मागच्या बंपरला ओरखडा, कापडी टप ठिगळ लावलेला. बॉनेट गार. मालकीणबाई रिटायर्ड, १४ वर्षांपासून त्यांच्याकडे आहे, एक फाइल काढली तीत पावत्या तारखेने लावलेल्या, बेल्ट आणि वॉटर पंप एकदम केलेले, ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. क्लचचा खालचा सिलिंडर गळतो ह्या गाड्यांत, तो बदलल्याच्या दोन पावत्या. मी पाणी ओतू का म्हणून चाचरत विचारलं तर त्या म्हणाल्या थांबा, आणि आत जाऊन गवत कापायच्या मशीनची नायलॉनची जाड दोरी घेऊन आल्या, नळीत सरकवली, वरखाली केली, आणि म्हणाल्या आता ओता. आधी काळं पाणी आणि दोन पानं पडली, मग स्वच्छ धार, मागच्या चाकाच्या बरोब्बर पुढे. दोन्हीकडे.

चालवताना बुश (सस्पेन्शनच्या जोडांतले रबर) वाजतात, मागून टकटक येतं खड्ड्यात. माझ्या मेकॅनिकने वर उचलून बघितली, पुढच्या दांड्या ठीक, पट्ट्या ठीक, बुश आणि चारही टायर करायला हवेत म्हणाला. टायरवर आकडा १२१३. भाव मी त्यावरूनच केला, त्यांनी लगेच मान्य केलं. ओरखड्याबद्दल मी काहीच बोललो नाही, मला आवडलाय तो. दादा, बजेटातला जवळपास एक तृतीयांश भाग अजून हातात आहे, तो पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवतोय, तुमची कथा डोळ्यांसमोर आहे.

शनिवारी आणायला जायचंय. सुरुवात कशापासून करू?

– खुर्च्यांवाला

---

टायर. बाकी सगळं त्याच्यानंतर. तेरा सालच्या टायरवर ओल्या रस्त्यात मागच्या चाकांची गाडी फिरकी घेते आणि तुला कळेपर्यंत तू आलेल्या दिशेकडे तोंड करून उभा असतोस, मी राहिलेय उभी. गाडी आणतानाच थेट टायरवाल्याकडे ने. मग बुश, मग चाकांचं अलाइनमेंट, ह्याच क्रमाने, नाहीतर अलाइनमेंटचे पैसे दोनदा. डिकीत बॅटरी कुठली आहे तेही बघ, ह्या गाडीला सीलबंद आणि वाफ बाहेर नेणाऱ्या नळीची लागते, कोणी साधी टाकली असेल तर आजूबाजूचा पत्रा तपास. आणि त्या बाईंची दोरी मागून घे.

– ताई

---

अभिनंदन. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

– काका

---

काका, दोरी मिळाली, गाडीही आली. टप खाली केला की शेजारच्या सीटवर घडीच्या सहा खुर्च्या उभ्या राहतात, बेल्ट लावून. आज सकाळी हॉलच्या पार्किंगमध्ये लावून बघितलं. उरलेल्या ३४ साठी पाच फेऱ्या आणि थोडं, पाऊस नसला तर. मला काहीच हरकत नाही फेऱ्यांची.

– खुर्च्यांवाला