सेंचुरियनवर बसंतरचा चिखल कसा चढवू?

प्रश्न: मंडळी, १/३५ मापाचा सेंचुरियन रणगाडा (मॉडेल) जोडलाय. १९७१ च्या बसंतरच्या लढाईतला, पूना हॉर्स रेजिमेंटचा करायचाय. ॲक्रिलिक हिरवा मारून झाला. आता डिकल (चिन्हांचे स्टिकर), वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग), धूळ, चिखल यांचा क्रम काय? रत्नागिरीत राहतो, हवा दमट.

उत्तर: आधी ग्लॉस (चकचकीत) वार्निश. मॅट (बिनचमक) रंग खरखरीत असतो, डिकलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. ग्लॉसवर वॉश खाचांतून सरसर पळतो. वॉश इनॅमलचाच घ्या. व्हाइट स्पिरिटने (इनॅमल पातळ करायच्या द्रवाने) पुसताना खालच्या ॲक्रिलिकला धक्का लागत नाही.

उत्तर: क्रम बरोबर. पण दादा, चिखल सगळीकडे थापू नका, हात जोडून सांगतो! तो साचतो ट्रॅकमध्ये, चाकांच्या मधे, मडगार्डखाली. ट्रॅकचा जमिनीला घासणारा भाग मात्र लखलखीत होतो; तिथे मऊ पेन्सिलचं शिसं बोटाने चोळा, बघाच काय धातू दिसतो ते. रंगाचे टवके हॅचच्या (आत शिरायच्या झाकणांच्या) कडांना, जिथे जवानांचे बूट लागतात. स्पंजचा तुकडा गडद तपकिरीत बुडवा, कागदावर जवळपास कोरडा करा, मग हलकेच टेकवा. नगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंचुरियन जरूर बघा, पण आकारासाठी. तिथल्या रंगावरून झीज शिकता येत नाही.

प्रश्नकर्ता: आभार! मॅट वार्निश कधी?

उत्तर: वॉशनंतर, पिगमेंटच्या (धुळीसाठीच्या रंगपुडीच्या) आधी. वरून मारलं तर धूळ दिसेनाशी होते. आणि पावसात फवारू नका, पांढुरका थर धरतो.