हद्दवाढीत आलो, आता कचऱ्यासाठी नक्की काय मागायचं?

शाहूपुरीकर_७७
मंडळी नमस्कार. २०२० ला साताऱ्याची हद्दवाढ झाली, आम्ही ग्रामपंचायतीतनं नगरपालिकेत आलो, आणि तेव्हापासून इकडं बंगले, अपार्टमेंटं नुसती उगवतायत. पूर्वी प्रत्येकाच्या परड्यात खड्डा असायचा, सगळं त्यात जायचं, आता त्या खड्ड्यावर पार्किंग झालंय. विकास आराखड्यासाठी लेखी सूचना द्यायचं कॉलनीत ठरलं आणि कचऱ्याचा मुद्दा माझ्या गळ्यात पडला. मी बँकेतनं रिटायर, मला यातलं ओ का ठो कळत नाही. एक जण म्हणतो कचऱ्यापासून विजेचा प्लांट मागा, दुसरा म्हणतो गावाबाहेर मोठी जागा मागा आणि विषय संपवा, तिसऱ्याला चौकात कुंड्या पाहिजेत (पण त्याच्या चौकात नको). आकडे देऊन सांगा कुणीतरी, जनजागृतीचं भाषण नको.

रिटायर्ड_ओव्हरसियर
वीज विसरा. आपल्याकडं निम्मा कचरा म्हणजे भाजीची देठं, साली आणि शिळं अन्न, नुसतं पाणी, ते जाळून वीज करणं म्हणजे ओली लाकडं चुलीत घालून फुंकत बसणं. शिवाय तसल्या प्लांटला रोज शेकडो टन लागतं. सातारा २०११ च्या जनगणनेला १ लाख २० हजार, तेही जुन्या हद्दीचं, माणशी ३५० ते ४०० ग्रॅम धरा म्हणजे ४२ ते ४८ टन. नवीन भाग धरून अजून थोडं वाढवा. एवढ्यावर ते चालत नाही.

आता गावाबाहेरची मोठी जागा. २०१६ च्या घनकचरा नियमात लँडफिलसाठी, म्हणजे कचरा पुरायच्या जागेसाठी, अंतरं दिली होती, नदीपासून १०० मीटर, हायवे, वस्ती आणि पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर. साताऱ्याचा नकाशा घ्या आणि पट्टे आखत बसा, इकडनं कृष्णा, तिकडनं वेण्णा, मधनं पुणे-बंगळूर हायवे, दर दोन किलोमीटरला एक गाव. उरतात ते डोंगर. आणि सोनगावचा कचरा डेपो आहेच, तिथल्या लोकांना अजून किती द्यायचं याचाही विचार करा की.

म्हणून माझं म्हणणं, मोठी एक नको, छोट्या चार मागा. सुक्या कचऱ्याची वर्गवारी करायला ४-५ गुंठ्याची शेड, प्रत्येक वाढणाऱ्या भागात एक, आणि तीही आत्ताच, प्लॉट पडायच्या आधी. एकदा शेजारी बंगला झाला की कुणी शेड होऊ देत नाही. मी नोकरीला होतो त्या गावात (नाव नको) आराखड्यात मस्त ४ एकर आरक्षण दाखवलेलं, पैसे कुणी ठेवलेच नाहीत. १० वर्षं झाली, मालकानं नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस दिली (जागा घ्या नाहीतर सोडा), पुढच्या मुदतीतही कुणी हललं नाही आणि आरक्षण गेलं. आज तिथं मंगल कार्यालय आहे, त्याचाच कचरा कुठं टाकायचा हा प्रश्न आहे. म्हणून अर्जात जागेबरोबर संपादनाची तरतूद कुठल्या वर्षी करणार हेही विचारा.

गोडोलीची_वहिनी
ओव्हरसियर भाऊंचं पटलं, पण ओल्याचं काय? मी गच्चीवर ६ वर्षं खत करते, अनुभवावरनं सांगते, नुसता ओला कचरा टाकला की वास आणि अळ्या, त्याला कोरडं मिसळायला लागतं, आणि ते कोरडं म्हणजे पालापाचोळा. तोच आपण डिसेंबर ते मार्च रस्त्याकडेला जाळत बसतो!! म्हणजे खताला पाहिजे तेच जाळायचं आणि मग खत होत नाही म्हणायचं. पाचोळा साठवायला छप्पराची जागा मागा, छप्पर विसरू नका, आपल्या पावसात उघड्यावरचा ढीग आठवड्यात आंबून काळं पाणी सुटतं.

कराडी_माणूस
आमच्या कराडला येऊन बघा की, २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात १ लाखाच्या आतल्या शहरात देशात पहिला नंबर होता. 😎

शाहूपुरीकर_७७
कराडकरांनी नंबर सांगितला, गाड्या किती लागतात ते सांगा राव.

रिटायर्ड_ओव्हरसियर
मी सांगतो. घरटी दीड किलो धरा, एका घरापुढं गाडी २० सेकंद थांबली तरी ५०० घरांना पावणेतीन तास जातात आणि पाऊण टन माल होतो, म्हणजे छोटी घंटागाडी तेवढ्यातच भरली. १० हजार घरांना अशा २० खेपा, गाडीच्या दिवसाला दोन धरल्या तर १० गाड्या, बिघाडाला एक-दोन जादा. पण हे खाली करायची जागा जवळ असली तर. लांब असली की दुसरी खेप होतच नाही, मग दुप्पट गाड्या, दुप्पट डिझेल. जवळच्या शेडचं गणित इथंच सुटतं.

भंगारवाला_सदरबझार
सगळं बरोबर हाय पण माल कोण घेणार ते कुणी इचारलंच न्हाय. पुठ्ठा, बाटली, पत्रा, कडक प्लास्टिक, ह्याला गिऱ्हाईक हाय, आमी कवापासनं घेतोय. वेफरच्या पाकिटाला न्हाय, त्येला सिमेंट कारखान्याकडं जाळायला पाठवावं लागतं आन गाडीभाडं पदरचं जातं, त्याचा खर्च आधीच धरा. ओल्यात भिजलेला पुठ्ठा निम्म्या भावात बी जात न्हाय, म्हणून गाडीत मधी पार्टिशन पायजेच, घरात दोन डबे आन गाडीत एकच खोकं असलं तर काय उपेग. आन वर्गवारीला नवीन माणसं भरू नका, ज्या बाया आत्ता पोतं घेऊन फिरत्यात त्यांनाच शेडमधी घ्या. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' संस्था २००८ पासनं दारोदारचं काम करतीया, बायकाच हायत बऱ्याच. हातात धरून सांगत्यात प्लास्टिक कुठलं ते.

शाहूपुरीकर_७७
हे बेस्ट झालं. अर्जात आता चार शेडी, तरतुदीचं वर्ष, पाचोळ्याला छप्पर, पार्टिशनच्या गाड्या आणि वेचक बायांना काम एवढं घालतोय. आमच्या इथं ६ गुंठ्याचा एक रिकामा तुकडा आहे, आत जायला बोळ आहे, चालेल का?

भंगारवाला_सदरबझार
बोळ किती फुटी? गठ्ठे न्यायला ट्रक येणार, निस्ती घंटागाडी न्हाय. आन वरनं लाईटच्या तारा किती खाली लोंबत्यात ते बी बघा.

शाहूपुरीकर_७७
रविवारी टेप घेऊन जातो.