मदत हवी आहे: ग्राफ्ट (दुसऱ्याची लावलेली कातडी) टिकतो तेव्हा लसिका ग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) काय दिसतं?

साध्या उंदराला परक्या स्ट्रेनच्या (वेगळ्या आनुवंशिक वाणाच्या) उंदराची कातडी लावली की जवळची लसिका ग्रंथी फुगते, पॅराकॉर्टेक्समध्ये (ग्रंथीतल्या टी-पेशींच्या भागात) मोठमोठ्या, भराभर विभागणाऱ्या पेशी दिसतात आणि दीडएक आठवड्यात ग्राफ्ट गळतो. इथवर ठीक. पण ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार आणि सहकाऱ्यांच्या १९५३ च्या प्रयोगासारख्या, जन्माआधीच दात्याच्या पेशी टोचलेल्या उंदरात तसाच ग्राफ्ट टिकतो. पुढे साध्या उंदराच्या लसिका पेशी दिल्या की तोही गळतो, म्हणजे ग्राफ्ट परकाच राहिलेला असतो. मग अशा सहनशील (परका ग्राफ्ट न नाकारणाऱ्या) उंदराची ग्रंथी जागची हलतच नाही, की थोडी फुगून निवते? नुसत्या जखमेनेही ग्रंथी सुजतेच. स्लाइडवर फरक कशावरून ओळखायचा? स्वतःचीच कातडी लावलेला उंदीर कंट्रोल (तुलनेसाठी) म्हणून पुरेल का? टी-रेगचं (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशींचं) पाठ्यपुस्तकी उत्तर माहीत आहे, मला ग्रंथीतलं चित्र हवंय.