फ्लोरेसच्या खेड्यांत इंग्रजीच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घ्यायच्यात, सल्ला हवाय (इंडोनेशिया)

रानजाई
नमस्कार मंडळी. मी नाशिक जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत १४ वर्षं शिकवतेय, आणि गेली काही वर्षं केंद्राच्या शिक्षण परिषदेत इंग्रजीचा तास कसा घ्यायचा यावर सत्रंही घेते. ओळखीतून इंडोनेशियातल्या एका छोट्या संस्थेचं बोलावणं आलंय, तिथल्या खेड्यातल्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घ्यायला. १६ दिवस हातात आहेत, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून. बेत असा आहे की लाबुआन बाजोला उतरायचं, मग रुतेंग, बाजावा, एंदे असं फ्लोरेस बेट पार करायचं, तिथून सुंबा बेटावर जायचं आणि प्रत्येक ठिकाणी १ दिवसाची कार्यशाळा, अशा ५ घ्यायच्या. मी शाकाहारी आहे, त्यांची भाषा येत नाही आणि परदेशात पहिल्यांदाच चाललेय. व्हिसा, प्रवास, जेवण, सोबत काय न्यावं, आणि मुख्य म्हणजे सत्रात काय घ्यावं, सगळंच सांगा. एकदा जाऊन आले असं व्हायला नकोय, त्या शिक्षकांच्या खरंच कामी पडलं पाहिजे.

कोकणकडा
ताई, आधी व्हिसाचं बघा. भारतीयांना विमानतळावर पोचल्यावर व्हिसा मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवसांचा, पण तो फिरण्यासाठी आणि बैठकांसाठी असतो, कार्यशाळा घेणं त्यात बसत नाही, मग मानधन घ्या नाहीतर नका घेऊ. बोलावणाऱ्या संस्थेलाच सांगा स्पॉन्सर होऊन योग्य प्रकारचा व्हिसा काढायला, आणि हे तिकीट काढायच्या आधी. दुसरं म्हणजे ऑगस्टचे पहिले दोन आठवडे टाळा. १७ ऑगस्ट त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्याच्या आधी शाळाशाळांत संचलनाची तालीम, स्पर्धा, सजावट चालू असते, शिक्षक दुपारभर मैदानात उन्हात उभे असतात. तुमच्या कार्यशाळेला बसायला कुणाला वेळ मिळणार?

कौमुदी_रुतेंग
रानजाई ताई, मी ३ वर्षं रुतेंगला राहिलेय नवऱ्याच्या कामामुळे, आणि तिथल्या एका शाळेत मदतीला जायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा बेत नकाशावर छान दिसतो पण रस्त्यावर नाही. लाबुआन बाजो ते रुतेंग साधारण सव्वाशे किलोमीटरच आहे पण ४ तास धरा, पुढे बाजावाला तेवढेच, तिथून एंदेलाही तेवढेच, आणि सगळा रस्ता वळणावळणाचा, आपल्या घाटासारखा पण घाट संपतच नाही असा. गाडी लागत असेल तर गोळी घेऊनच बसा, तिथे दुकानात आन्तिमो म्हणून मागितली की देतात. शेअर गाडीला तिकडे त्राव्हेल म्हणतात, फोन केला की घरी येऊन नेते पण सगळ्यांना गोळा करत करत निघते, म्हणजे निघायची वेळ एक आणि निघतो दुसऱ्याच वेळेला. एक दिवस कार्यशाळा आणि दुसरा दिवस असा प्रवास, हे लागोपाठ ५ वेळा केलंत तर शेवटच्या गावातल्या शिक्षकांना तुमचा थकलेला चेहरा बघायला मिळेल. माझं ऐकाल तर सुंबा सोडाच, फ्लोरेसमध्येही दोनच गावं धरा, आणि प्रत्येक गावात दोनदा बसा, मध्ये ४-५ दिवस सोडून. पहिल्या दिवशी जे शिकवलं ते शिक्षक आपापल्या वर्गात करून बघतील आणि दुसऱ्यांदा येतील तेव्हा काय जमलं काय फसलं ते सांगतील. मधल्या दिवसांत तुम्ही त्यांच्या शाळांत जाऊन मागच्या बाकावर बसा. खरं काम या मधल्या दिवसांत होतं.

आता शिक्षक कोण येतील ते नीट विचारून घ्या. शाळेच्या पातळीवर एसडे म्हणजे प्राथमिक, एसएमपे म्हणजे ७वी ते ९वी. एसएमपेच्या इंग्रजी शिक्षकांचा विषयगट असतो, त्याला एम-गे-एम-पे म्हणतात, आणि प्राथमिकवाल्यांचा का-का-गे, आपल्या केंद्राच्या परिषदेसारखाच. बोलावणं त्या गटामार्फत गेलं तर माणसं येतात. २०१३ च्या अभ्यासक्रमात प्राथमिकला इंग्रजी सक्तीचं राहिलं नव्हतं, आता २०२७-२८ पासून परत सक्तीचं व्हायचंय, तिसरीपासून. म्हणजे ज्या वर्गशिक्षिकेनं आयुष्यात इंग्रजी शिकवलेलं नाही तिलाच ते शिकवायचंय. या बायका फार घाबरलेल्या असतात. तुमच्यासारख्या माणसाची खरी गरज यांना आहे, कारण आपल्याकडे २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा आपल्या गुरुजींचं काय झालं होतं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल.

कागदपत्रांत एक गोष्ट फार महत्त्वाची, ती म्हणजे दिनास पन्दिदिकानचं पत्र, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाचं. ते असलं की मुख्याध्यापक शिक्षकाला सुरात तुगास देतात, म्हणजे कामावर पाठवल्याचा आदेश, नाहीतर बिचारे रजा टाकून येतात. आणि शेवटी प्रमाणपत्र हवंच, त्यावर किती तासांचं प्रशिक्षण ते लिहिलेलं हवं, जे-पे म्हणतात त्या तासांना. आपल्याला तो कागद वाटतो, त्यांच्या सेवापुस्तकात त्याची किंमत असते, त्यात कित्येक जण तुटपुंज्या मानधनावरचे गुरू होनोरेर असतात.

मावळचा_मुलगा
+१ दोनच गावं. आणि ताई, शब्दांची काळजी करू नका, अर्धी भाषा आपल्या ओळखीची निघते. गुरू म्हणजे गुरूच, बहासा म्हणजे भाषा, सिस्वा म्हणजे शिष्य, कपाला म्हणजे डोकं आणि त्यावरून मुख्याध्यापक कपाला सकोला, शिवाय नामा, वर्ना, बुमी, रहासिया. सुआमी म्हणजे नवरा आणि इस्त्री म्हणजे बायको. फळ्यावर एका बाजूला त्यांचे आणि दुसऱ्या बाजूला आपले शब्द लिहून सुरुवात केली की वर्ग मोकळा होतो.

रानजाई
कौमुदी ताई, किती मनापासून लिहिलंत. २००० सालचं तुम्ही म्हणताय ते माझ्या आईनं पाहिलंय, तीही शिक्षिका होती, मुलांच्या समोर एक इंग्रजी वाक्य बोलायला तिचा घसा कोरडा पडायचा. म्हणूनच मला जायचंय. सुंबा सोडायला मन होत नाहीये, कारण संस्थेचे तिथले लोक फार आग्रह करतायत, पण बोलते त्यांच्याशी. सत्रं इंग्रजीतच घेऊ ना? इंग्रजीच्या शिक्षकांपुढे दुभाषी लावणं बरं दिसत नाही असं वाटतं.

दर्यावर्दी
ताई, दुभाषी लावाच. माझा अनुभव सांगतो, त्यासाठीच लॉगिन केलं.

मी सुंबात वायंगापूपासून ३ तास आत एका गावात असंच शिक्षकांचं सत्र घेतलं होतं. ६० जण आले होते. सकाळी ८ ची वेळ होती पण आधी प्रार्थना, मग राष्ट्रगीत, मग ४ जणांची भाषणं, मग स्पांडुक म्हणजे कापडी फलकापुढे फोटो, मग खोक्यातला नाश्ता, तोवर साडेदहा. हे टाळायचं नाही हं, पाहुण्याचा मान असतो तो, वेळापत्रकातच धरून चालायचं. मग मी प्रोजेक्टर लावला आणि वीज गेली, जनरेटर आणला तर त्याच्या आवाजात माझा आवाज ऐकू येईना. तरी मी इंग्रजीत गट करा, चर्चा करा, मांडा असं घेत राहिलो, सगळे हसून मान हलवत होते, मला वाटलं छान चाललंय. चहाच्या वेळी एक वयस्कर बू जवळ आल्या (बाईंना इबू किंवा बू, पुरुषांना बापाक किंवा पाक म्हणायचं, नुसत्या नावानं हाक मारायची नाही) आणि फोनवर भाषांतर करून मला वाचून दाखवलं, की सर आम्हाला काही कळत नाहीये, समोरचे ५-६ तरुण उत्तर देतात आणि आम्ही बाकीचे हसतो कारण तुम्ही लांबून आलात. मला त्या क्षणी फार लागलं ते, पण त्या बाईंचे उपकार आहेत माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर पेटीत ठेवला. तिथल्याच एका तरुण शिक्षकाला बरोबरीनं उभं केलं, सूचना तो बहासात म्हणजे इंडोनेशियन भाषेत देणार आणि इंग्रजीतली छोटी कृती मी करून दाखवणार असं ठरवलं. त्यांचंच पाठ्यपुस्तक घेतलं, एकच पान, आणि विचारलं की हे पान ४० मुलांच्या वर्गात झेरॉक्सशिवाय कसं घ्याल. दोघादोघांनी करून बघितलं, मोठ्यानं बोलायची सक्ती कुणालाच नव्हती. दुपारपर्यंत त्या बू माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात गोष्ट सांगत होत्या, त्यांच्या गावातल्या विणकामाची, ६ सोप्या इंग्रजी वाक्यांत.

आणि चुका कुठे होतात ते आधी समजून घ्या. त्यांच्या भाषेत तो आणि ती दोघांना दियाच म्हणतात, त्यामुळे आईबद्दल इंग्रजीत बोलताना she ऐवजी he सुटतं तोंडातून. क्रियापदाला काळ नसतो, सुदाह म्हणजे झालं आणि आकान म्हणजे होणार एवढं लावलं की भागतं. अनेकवचनाला शब्द दोनदा म्हणतात, अनाक-अनाक म्हणजे मुलं, म्हणून इंग्रजीतला शेवटचा स गळतो. आपण तीन लिंगं शिकत वाढलेले, आपल्याला वाटतं एवढी साधी चूक कशी होते. एकदा कारण कळलं की टोकावंसं वाटत नाही.

शिरीषकाका
जेवणाचं मी सांगतो, मीही शाकाहारी. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि ताहू (सोयाबीनचं पनीर, म्हणजे टोफू) सगळीकडे मिळतं, भात, भाजी, शेंगदाण्याची चटणी मिळते, उपाशी राहत नाही माणूस. पण शाकाहारी म्हटलं की मटण नको एवढंच समजतात, मासे आणि कोंबडी चालतात असं गृहीत धरतात, आणि तिखट साम्बालमध्ये बऱ्याचदा तरासी म्हणजे सुकटीचा वाटलेला गोळा असतो. ‘तान्पा दागिंग, तान्पा आयाम, तान्पा इकान, तान्पा तरासी’ (मांस, कोंबडी, मासे, तरासी यांच्याशिवाय) हे चिठ्ठीवर लिहून ठेवा. रुतेंगच्या मांगराय भागात पाहुण्याला कोंबडा आणि ताडी देऊन मान देतात. हात लावून स्वीकारायचं, उजव्या हातानं, डावा कधीच पुढे करायचा नाही. खात नाही हे संस्थेला आधीच कळवा म्हणजे ऐनवेळी कुणाचा हिरमोड होत नाही. सुंबाला गेलात तर पान-सुपारी पुढे येईल, सिरिह पिनांग, आपल्या विड्यासारखाच मान आहे तो पण त्यात पानाऐवजी पानवेलीचं लांबट फळ आणि चुना असतो. खाल्लं नाही तरी चालेल, नाकारू मात्र नका.

कोकणकडा
रेबीजचं राहिलं. फ्लोरेसवर १९९७ पासून आहे आणि गावोगावी मोकळी कुत्री आहेत, निघायच्या आधी लस घ्या, मलेरियाचंही डॉक्टरांना विचारा. सिम टेलकोमसेलचं, आणि रोख रक्कम जवळ ठेवा, आतल्या गावांत एटीएम असलंच तर बहुधा बेएरई बँकेचं.

रानजाई
आज संस्थेशी बोलले. बेत बदलला. सप्टेंबरमध्ये जायचं, रुतेंग आणि बाजावा दोनच, प्रत्येकी दोन बैठका आणि मध्ये शाळाभेटी. सुंबाचे लोक नाराज झाले आधी, मग त्यांनीच सुचवलं की त्यांच्यातल्या दोन शिक्षिका बाजावाला येऊन बसतील आणि परत जाऊन त्यांच्या का-का-गेमध्ये घेतील. मला हे फारच आवडलं. रुतेंगच्या एका बू माझ्याबरोबर सत्र घेणार आहेत, काल व्हिडिओ कॉलवर दोघींनी मिळून पहिलं पान ठरवलं, बाजारातली भाजी आणि तिचे भाव असा पाठ आहे, त्यांच्याकडच्या भाज्यांची नावं त्या देणार. शिक्षकांना भेट म्हणून काय नेऊ? इथून पुस्तकं न्यायचा विचार होता.

कौमुदी_रुतेंग
पुस्तकं जड होतील आणि कपाटात जातील. स्पिडोल न्या, पांढऱ्या फळ्यावरचे मार्कर, आणि त्यांची शाई. बहुतेक शिक्षक स्वतःच्या पैशानं घेतात. आणि तुमच्या वर्गातल्या मुलांनी काढलेली चित्रं न्या, मागे एकेक इंग्रजी वाक्य लिहून, तिथली मुलं उत्तर लिहितील. रुतेंग हजारभर मीटर उंचीवर आहे, सप्टेंबरातही रात्री गारठा असतो, स्वेटर घ्या. बाजावालाही लागेलच.