सांगलीतला फ्लॅट विकायचाय, किंमत किती उतरवू?

कृष्णाकाठ: फ्लॅट विकायला काढलाय. लोक बघून जातात, "घरी विचारून कळवतो" म्हणतात आणि परत फोन नाही. एजंट म्हणतो पाच लाख उतरवा. एकदम उतरवू की थोडेथोडे? लवकर सांगा, सहीला भाऊ लागतो आणि त्याची सुट्टी संपत आलीय.

हळदपेठ: कुठला भाग? मजला? मागताय किती? याशिवाय पाच लाख कमी की जास्त कसं सांगणार?

विश्रामबागकर: एक रुपया उतरवू नका. पितृपक्षात इसार कोण देतं? दसऱ्याला गिऱ्हाईक येतं. आम्ही थांबलो, मागितले तेवढे मिळाले.

मिरज_जंक्शन: फोनच येत नसते तर किंमत चढी म्हटलं असतं. लोक आत येऊन परत जातात, म्हणजे घरात नाहीतर कागदात काहीतरी खटकतंय.

कृष्णाकाठ: कागद स्वच्छ आहेत. गावभाग, तळमजला, ४८ लाख. सगळ्या फरश्या नवीन.

हळदपेठ: गावभागात तळमजला! ताई, २०१९ च्या पुरात पाणी कुठवर होतं?

कृष्णाकाठ: छातीपर्यंत. पण वायरिंगसुद्धा नवीन केलंय.

विश्रामबागकर: पूर काय दरवर्षी येतो का? मुळात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवायची म्हणतायत, त्यावर बोला.

हळदपेठ: २००५, २०१९, २०२१. सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारल्याशिवाय कोणी घर घेत नाही. विश्रामबागचा अनुभव गावभागाला लावू नका.

सीए_कुपवाड: २३ जुलै २०२४ आधी घेतलेलं असेल तर दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के, किंवा इंडेक्सेशन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून, धरून वीस टक्के. दोन्ही हिशोब करून कमी कर भरा.

कृष्णाकाठ: कराचं नंतर बघते. किंमत सांगा ना!

मिरज_जंक्शन: तुमच्याच बिल्डिंगमध्ये वरचा मजला शेवटचा कितीला गेला? मागितलेली किंमत नको, खरेदीखतातली बघा. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा, काढा. तळमजला त्याच्या खालीच जाणार, तेव्हा एकदाच तिथवर या. महिन्याला पन्नास हजार उतरवलेत तर गिऱ्हाईक पुढच्या उतरणीची वाट बघत बसतं. आणि पाणी कुठवर आलं होतं ते फोनवरच सांगा, नंतर शेजाऱ्यांकडून कळलं तर माणूस परत येत नाही.

विश्रामबागकर: असं आधीच सांगितलं तर कोण बघायला येणार?

मिरज_जंक्शन: येईल तो घेणारा असेल.

कृष्णाकाठ: वरचा मजला मागच्या वर्षी गेला, आकडा माहीत नाही. इंडेक्स टू कुठे मिळतो? भाऊ रविवारी जातोय.

हळदपेठ: नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे. गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाका. आजच बसा.